विमान आणि जिजाई

(शिरूर येथील एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, शिरूर व दौंड तालुक्यांतील वाचक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले त्याने चित्रपटावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु चित्रपट ही जशी कला आहे तसा तो उद्योगही आहे. त्यात भांडवल गुंतते, मजुरी दिली जाते, प्रसंगी बुडविलीही जाते, आणि अखेरीस आपल्या खिशातील पैसा त्यात जातो. तेव्हा हे भांडवल कशावर खर्च होते आणि त्या खर्चातून कोणाला काय मिळते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या मास्तरालाही असावा. आजचा माझा विषय आहे अद्भुत आणि हाणामारीचा भव्य चित्रपट. ज्यात डोळ्यांपुढे पुष्कळ घडते आणि कथेत मात्र फारसे काही घडत नाही, असा चित्रपट.

आरंभीच एक खुलासा करतो. भव्यतेशी किंवा चमत्काराशी माझे वैर नाही. गरिबाने केवळ वास्तव, दुःखद आणि बोधप्रद तेवढेच पाहावे, असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींपैकी मी नाही. दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाला रात्री आकाशात उडणारा मारुती पाहावासा वाटला, तर त्यात हिणविण्याजोगे काहीही नाही. किंबहुना आपल्या देशातील चित्रपटाचा जन्मच चमत्काराच्या पोटी झाला आहे.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. त्यानंतर १९१७ साली त्यांचा ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. मारुती उड्डाण करतो आणि आकाशात लहान लहान होत जातो, हे दृश्य पाहून प्रेक्षक थक्क होत. या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. पुढे १९१९ साली ‘कालियामर्दन’ आला, आणि त्यात फाळके यांची छोटी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला तिचा चेहरा, त्यावरचे निरनिराळे भाव दाखविले आहेत, आणि मग तीच मुलगी कृष्ण होते. हा चमत्कार आम्ही केलेला आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगून मग चमत्कार दाखवावयाचा, असा तो मोकळा व्यवहार होता. चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक लघुपटही फाळके यांनी काढला होता. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत असत. परंतु प्रेक्षकाला भुलवून अडाणी ठेवावे, असे त्यांना वाटत नव्हते.

या चमत्कारांचा खर्च कोणी सोसला, हेही पाहिले पाहिजे. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने गहाण टाकले, फिल्मच्या कडांना भोके पाडली, फिल्म धुतली आणि चित्रीकरणासाठी जमलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. पडद्यावरील प्रत्येक चमत्काराच्या मागे कोणाचे तरी श्रम असतात. हा मुद्दा लक्षात ठेवावा. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

यानंतर ‘प्रभात’ची परंपरा आली. ‘प्रभात’चा कोल्हापुरात १९३२ साली निघालेला ‘माया मच्छिंद्र’ हा तर अद्भुतपटच होता. परंतु त्यातले अद्भुत कथेतूनच उगवले होते. सारा दिसणारा ऐश्वर्याचा पसारा ही माया आहे, आणि गुरू शिष्याची परीक्षा पाहतो आहे, असे ज्या कथेचे सूत्र, तिच्यात कॅमेऱ्याने केलेली माया शोभूनच दिसणार. पुण्यात आल्यावर कंपनीने १९३४ साली ‘अमृतमंथन’ काढला. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांच्या डोळ्याने पडदा व्यापला, आणि ते दृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात अमर झाले. ना सैन्य, ना स्फोट. एका माणसाचा एक डोळा. परंतु यज्ञातील बळी थांबविणाऱ्या राजाचा सूड घेण्याची आग त्या डोळ्यात आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते, आणि म्हणून त्या डोळ्याची भीती वाटली.

आता ‘संत तुकाराम’ पाहा. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ चा चित्रपट. मुंबईत तो एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. या चित्रपटात चमत्कारांची वाण नाही. इंद्रायणीत बुडालेल्या वह्या परत मिळतात आणि शेवटी वैकुंठाचे विमान येते. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे दौंडवरून वाहत जाते, तेव्हा ही काही दूरच्या मुलखाची गोष्ट नव्हे. आपल्यापैकी ज्यांनी तो चित्रपट पाहिला असेल त्यांना मी विचारतो : आपल्या मनात काय राहिले आहे? विमान, की जिजाई? आजारी पोर घेऊन, हातात वहाण घेऊन, देवाला जाब विचारायला देवळात शिरणारी जिजाई? मला खात्री आहे, बहुतेकांना जिजाईच आठवेल. गौरीबाईंनी ती भूमिका केली, आणि ती करताना त्या नटी वाटल्या नाहीत, आपल्या आळीतील बाई वाटल्या.

परंतु मला त्याहून पुढे जावयाचे आहे. विमान आठवते तेही जिजाईमुळेच. तुकोबा वर जातात आणि पोराबाळांची धनीण, म्हशीची धनीण जिजाई खाली उरते. खाली कोण राहिले हे ठाऊक असल्यामुळेच वर जाण्याला अर्थ येतो. जिजाई काढून टाका, मग ते विमान पुठ्ठ्याचे होते. आणि पुठ्ठ्याऐवजी संगणकाने कितीही सफाईदार बनविले, तरी ते पुठ्ठ्याचेच राहते.

आता अर्थशास्त्राकडे वळतो. माझ्या पिढीने जत्रेतला तंबूतला सिनेमा पाहिला आहे. मालमोटारीतून यंत्र यायचे, माळावर तंबू उभा राहायचा, आणि घरातील सगळ्यांनाच तिकीट परवडायचे असे नाही. मग घरातला एखादाच जाई. दुसऱ्या दिवशी खळ्यावर, पारावर, विहिरीवर तो सगळी गोष्ट सांगे. ज्यांनी तंबूत पाऊलही टाकलेले नसे त्यांनाही नायक कोण, खलनायक कोण, कोणी कोणाला दगा दिला, हे पाठ असे. त्यावर वाद होत. नायिकेने असे करावयास नको होते, असे एखादी म्हातारी ठासून सांगे. आणि तिने चित्रपट पाहिलेलाच नसे. या फिरत्या तंबूंचे उतरते दिवस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने टिपले आहेत, आणि तो २०१६ साली कान येथील महोत्सवात दाखविला गेला.

यातून जो सिद्धांत निघतो तो साधा आहे. चित्रपटातील कथा हा असा माल आहे, की तो वाटल्याने घटत नाही आणि ज्याने किंमत मोजली नाही त्यालाही तो मिळतो. अर्थशास्त्रात ज्यांना आम्ही सार्वजनिक वस्तू म्हणतो, त्यांच्या जातकुळीतला. रस्त्यावरचा दिवा जसा करभरणाऱ्यालाही उजेड देतो आणि न भरणाऱ्यालाही, तशी कथा. डोळे दिपविणाऱ्या दृश्याचे असे नाही. ते सांगता येत नाही. “मोठा डोंगर फुटला, मग त्याहून मोठा डोंगर फुटला,” एवढेच सांगता येते, आणि ऐकणारा उठून जातो. ते दृश्य तिकीट घेणाऱ्याचे, आणि तेही तेवढ्या दोन-अडीच तासांपुरते. पुन्हा हवे असेल तर पुन्हा पैसे मोजावयाचे. शिवाय त्याला घटत्या उपयोगितेचा नियम लागू पडतो. पहिल्या स्फोटाने माणूस दचकतो, पाचव्याला सरसावून बसतो, पंधराव्याला जांभई देतो. म्हणून पुढच्या चित्रपटात स्फोट आणखी मोठा हवा, खर्च आणखी मोठा हवा, आणि मग तो भरून काढण्यासाठी तिकीटही आणखी महाग हवे.

म्हणून कथेला गौण ठरविणारा चित्रपट केवळ रसिकांचे नुकसान करीत नाही. ज्याला तिकीट परवडत नाही त्याचा पूर्वापार चालत आलेला वाटा तो काढून घेतो. माझा आक्षेप मुख्यतः हा आहे.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे ‘आदिपुरुष’. १६ जून २०२३ रोजी तो देशभर आणि परदेशांत एकाच वेळी झळकला. दिग्दर्शक ओम राऊत हे मराठी, आणि त्यांचा पहिला चित्रपट लोकमान्य टिळकांवरचा, मराठीतला होता. ‘आदिपुरुष’वर पाचशे कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाल्याचे वृत्तपत्रांतून छापून आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत त्याची झलक दाखविली, तेव्हा संगणकीय दृश्यांवर एवढी टीका झाली की प्रदर्शन महिनोन्‌महिने पुढे ढकलून ती दृश्ये नव्याने सुधारण्यात आली. म्हणजे जे सुधारावयाचे ते काय, तर चित्र. कथेकडे, संवादांकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढे काय झाले ते आपण जाणता. पहिल्या तीन दिवसांत जगभरातून तीनशे कोटींहून अधिक गल्ला जमल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. आणि सोमवार उजाडताच तो कोसळला. तिकिटे दीडशे रुपयांवर आणि पुढे त्याहूनही खाली आणली गेली, तरी प्रेक्षक परतले नाहीत. किंमत उतरली की मागणी वाढते, हे आम्ही वर्गात शिकवितो. परंतु ज्या मालाची गरजच उरली नाही त्याला तो नियम तारू शकत नाही. आणि गंमत पाहा : पाचशे कोटींच्या त्या चित्रपटातून लोकांनी घरी काय नेले? लंका नेली नाही, पुष्पक नेले नाही. मारुतीच्या तोंडी घातलेले उथळ संवाद तेवढे नेले, आणि तेही टिंगल करण्यासाठी. पडद्याबाहेर प्रवास केला तो शब्दांनीच. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच ते संवाद बदलण्यात आले. चित्र सुधारावयास महिने आणि कोट्यवधी रुपये लागले; शब्द बदलावयास आठवडाही लागला नाही. जी वस्तू सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ, तिचाच विचार सर्वांत शेवटी झाला.

या चित्रपटावर बंदी घाला, असा पुकाराही तेव्हा झाला. त्या पुकाऱ्यात मी सामील नव्हतो आणि नाही. भावना दुखावल्या म्हणून कलाकृती बंद पाडण्याची चटक समाजाला लागली, तर उद्या चांगल्या कलाकृतींची गळचेपी आधी होईल. रामायण नव्याने सांगण्याचा हक्क प्रत्येक पिढीला आहे, आणि आपल्या जात्यावरच्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या बजावला आहे. सांगण्याचा हक्क आहे, म्हणूनच सांगण्यासारखे काही असावे, एवढीच अपेक्षा.

आता कोणी विचारील, की भांडवलदार एवढा व्यवहारी, तर तो कथेवर खर्च का करीत नाही? त्यालाही कारणे आहेत. लढाईचे दृश्य तेलुगू माणसाला, मराठी माणसाला आणि अमेरिकेतील माणसाला सारखेच समजते. त्याला भाषांतर लागत नाही. कथा ही मातीतून उगवते आणि मातीचा वास तिला असतो. ती सगळ्या बाजारांत सारखी खपेल याची हमी नसते. दुसरे असे, की भव्य दृश्याची जाहिरात करता येते. दोन मिनिटांच्या झलकीत डोळे दिपविता येतात. कथेचा बोलबाला मात्र पाहून आलेल्यांच्या तोंडून होतो, आणि त्याला वेळ लागतो. एकाच दिवशी हजारो पडद्यांवर चित्रपट लावून, लोकांचे मत तयार होण्याच्या आत, शुक्रवार ते रविवार पैसे गोळा करावयाचे, असे ज्या व्यापाराचे गणित आहे, त्याला लोकांच्या तोंडच्या कीर्तीची वाट पाहणे परवडत नाही. म्हणजे हा केवळ अभिरुचीचा दोष नाही. भांडवलाच्या घाईचा हा परिणाम आहे.

परंतु हे गणितसुद्धा नेहमी खरे ठरत नाही. ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१७ मध्ये. भव्यतेत तो कोणालाही हार जाणारा नव्हता. पण मधल्या पावणेदोन वर्षांत साऱ्या देशात चर्चा कशाची होती? धबधब्याची नव्हे. कटप्पाने बाहुबलीला का मारले, याची. एका विश्वासू सेवकाने आपल्या धन्याच्या पाठीत तलवार का खुपसली, हा शुद्ध कथेचा प्रश्न होता. तो प्रश्न चित्रपट न पाहिलेल्यांच्याही ओठांवर होता.

आपल्या मराठीतही पाहा. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ हाही अद्भुत आणि मारामारीचाच. त्यातील बाहुला रामदास पाध्ये यांनी हलविला-बोलविला. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला, ही गोष्ट तिसरीतला मुलगाही सांगू शकतो, आणि म्हणून तात्या विंचू घरोघर पोचला. २०१३ साली त्याचा दुसरा भाग त्रिमितीत आला; परंतु लोकांच्या बोलण्यात आजही येतो तो पहिला, साध्या बाहुल्याचा. आणि दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलात, तर वाटेत जेऊर स्टेशन लागते. तेथल्या नागराज मंजुळे यांनी २०१६ साली ‘सैराट’ काढला. मराठी चित्रपटाने तोवर कधी केला नव्हता एवढा धंदा त्याने केला. त्याच्या शेवटी ना स्फोट आहे, ना संगीत. एका लहानग्याची पावले आहेत, आणि नीरव शांतता. ती शांतता अंगावर घेऊन लोक बाहेर पडले आणि जातीविषयी बोलू लागले. काहीजण रागाने बोलले, पण बोलले.

मित्रहो, आता श्रमांच्या मुद्द्याकडे येतो. कारण तो मला सर्वांत जवळचा आहे. पडद्यावरील नगरे आणि राक्षस आज संगणकापुढे बसलेली शेकडो मुले-मुली घडवितात. हॉलीवूडच्या चित्रपटांचे पुष्कळसे असे काम भारतात होते, कारण येथील मजुरी स्वस्त. २०१३ सालच्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले. ज्या रिदम अँड ह्यूज कंपनीने त्यातील वाघ घडविला, तिने त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आत पारितोषिक दिले जात होते आणि बाहेर रस्त्यावर त्या धंद्यातील कामगार निदर्शने करीत होते. त्या कंपनीच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादमध्येही होत्या. २०२५ सालच्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा या क्षेत्रातील जुना आणि मोठा समूह कोसळला, तेव्हा बंगळूर आणि मुंबई येथील त्याचे हजारो कर्मचारी एकाएकी रस्त्यावर आले.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या कामाचे शिक्षण घेण्यासाठी पुण्यास जाण्याच्या विचारात असेल. अवश्य जावे, ते आजचे कारागिरीचे काम आहे आणि कारागिरी ही मानाचीच गोष्ट आहे. परंतु रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराला जे प्रश्न पडतात, तेच प्रश्न तेथेही विचारावे. कामाचे तास किती? जादा कामाचा मोबदला काय? चित्रपट संपल्यावर नोकरीचे काय? आपली संघटना आहे काय? वातानुकूलित खोलीत बसल्याने मजूर मजूर राहत नाही, हा भ्रम आहे. त्यातच, कथा पक्की नसली की याच मुलांना एकेक दृश्य दहा-दहा वेळा पुन्हा करावे लागते. लेखकाच्या टेबलावर जी चूक कागद फाडून सुधारता आली असती, ती शेवटी या मुलांच्या जागरणांनी सुधारली जाते. कथेची हेळसांड ही अशी श्रमांचीही उधळपट्टी ठरते.

एक आक्षेप मात्र मी प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, “सर, तुम्ही म्हणता ते ठीक आहे, पण आम्ही आठवडाभर डोके चालवितो, रविवारी तरी ते बाजूला ठेवू द्या.” त्याचा थकवा खरा आहे आणि त्याची चेष्टा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु कथेने डोके थकते, हे मला मान्य नाही. दिवसभर काबाडकष्ट करून आलेली माणसे रात्र रात्र जागून तमाशातले वग पाहत, कीर्तनातली आख्याने ऐकत. थकलेल्या माणसाला कथेनेच विसावा मिळत असे, कारण तिच्यात त्याला आपले काहीतरी सापडत असे. ज्यात आपले काहीच सापडत नाही, त्यातून माणूस दिपून बाहेर येतो. ताजातवाना होऊन येत नाही.

मग करावे काय? सरकारने कायदा करावा, असे मी म्हणणार नाही. दोन साध्या गोष्टी सुचवितो. शिरूरहून किंवा दौंडहून पुण्याला जाऊन महागाचे तिकीट काढून चित्रपट पाहणारी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांनी जरूर पाहावा, पण परतीच्या वाटेवर मुलांना एक प्रश्न विचारावा : “ही गोष्ट आजीला कशी सांगशील?” मूल सांगू लागले तर पैसे सार्थकी लागले. ते अडखळले, तर कोठे अडखळले हे त्याच्याबरोबर शोधावे. टीकाकार असेच घडतात.

दुसरी गोष्ट या वाचनालयासाठी. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुने चित्रपट जपत आले आहे. महिन्यातून एकदा येथे एखादा जुना आणि एखादा नवा चित्रपट लावावा, तिकीट ठेवू नये, आणि नंतर अर्धा तास चर्चा करावी. आरंभ ‘संत तुकाराम’ने करता येईल. शेजारच्या वस्तीवरील स्त्रियांना अगत्याने बोलवावे. त्यांना विमानाविषयी विचारू नये. जिजाईविषयी विचारावे, आणि त्या बोलू लागल्या की आम्ही प्राध्यापकांनी गप्प बसावे. कार्यकर्त्यांनी तारीख ठरविली तर पहिल्या दिवशी खुर्च्या मांडावयास मी येईन.